एलिझाबेथ टिलीचे माहेर

मी अमेरिकेचे प्रवासवर्णन लिहून द्यावे असे आपल्या मंडळाच्या चिटणीसबाईंनी मला बजावले, तेव्हा मी प्रथम नाहीच म्हटले. एक तर माझे शिक्षण मराठी सातवीपर्यंतचे. दुसरे असे की, नणंदेच्या मुलीच्या बाळंतपणासाठी म्हणून मी बोस्टनला गेले होते. तिथले माझे चार महिने डिंकाचे लाडू, शेक-शेगडी आणि बाळाची लंगोटी यांतच गेले. नायगारा मी पाहिलेला नाही. मोठाल्या इमारतीही मोटारीच्या काचेतून दिसल्या तेवढ्याच. तेव्हा भगिनींनो, प्रवासवर्णनाची अपेक्षा आपण करू नये. मी तेथे एका बाईची हकीकत ऐकली. ती बाई वारून सव्वातीनशेहून अधिक वर्षे झाली. तिचे माहेर हरवले होते आणि ते पुढे कागदांतून सापडले. तेवढेच मी लिहिणार आहे.

भाचीच्या शेजारी एक आजीबाई राहत. वय ऐंशीच्या घरात, पण रोज सकाळी पायऱ्यांवरचे बर्फ स्वतः खरवडून काढायच्या. बाळाला बघायला आल्या आणि मग रोजच येऊ लागल्या. मला त्यांचे बोलणे निम्मे कळे, उरलेले भाची सांगे. एके दिवशी त्या एक जाडजूड फाईल घेऊन आल्या. तीत त्यांच्या घराण्याची वंशावळ होती, ‘मेफ्लॉवर’ जहाजातून आलेल्या एका जोडप्यापासून त्यांच्यापर्यंतची. मी म्हटले, यात काय मोठे, आमच्याकडेही वंशावळ आहे. त्या हसल्या आणि म्हणाल्या, “पण तुमच्याकडे दर पिढीचा पुरावा मागतात का?”

त्या जहाजातून आलेल्यांच्या वंशजांची तिकडे एक संस्था आहे. १८९७ साली ती स्थापन झाली. तिचे सभासद व्हायचे तर नुसते आडनाव सारखे असून भागत नाही. प्रत्येक पिढीचा जन्म, लग्न आणि मृत्यू कागदाने दाखवावा लागतो. हा मुलगा याच आईबापांचा, हेही प्रत्येक पायरीवर सिद्ध करावे लागते. एक पायरी निसटली की पुढचा जिना बंद. आजीबाई एका बाईपाशी दोन वर्षे अडून बसल्या होत्या. तिचे नुसते नाव मिळाले होते. ती कोणाची मुलगी, ते कळेना. शेवटी तिच्या बापाचे मृत्युपत्र हाती लागले. त्यात ‘माझी मुलगी, अमक्याची बायको’ असे शब्द होते आणि दार उघडले.

तिकडे लग्नानंतर बाईचे पाळण्यातले नाव बदलत नाहीत, आडनाव तेवढे बदलते. तरीसुद्धा बायकांचा माग काढणे पुरुषांपेक्षा फार अवघड, असे त्या म्हणाल्या. पुरुषाच्या नावावर जमीन असते, तो पंच होतो, कर भरतो, भांडतो आणि कोर्टात जातो. बाई कागदावर येते ती क्वचित. बाप्तिस्म्याच्या दिवशी, लग्नाच्या दिवशी आणि मेल्यावर. नवऱ्याने जमीन विकली तर विधवेचा तिसरा हिस्सा मी सोडते, एवढ्यापुरती तिची सही किंवा निशाणी लागे. तिथे पुष्कळदा बाईचे नाव मिळून जाते. हे ऐकून मला मौज वाटली आणि थोडे वाईटही वाटले. हक्क सोडताना का होईना, पण नाव राहिले म्हणायचे!

आता त्यांच्या मूळ आजीची गोष्ट.

१६२० साली मेफ्लॉवर जहाज इंग्लंडहून निघाले. त्यात १०२ उतारू होते. हवामान अतिशय खराब. वाटेत वादळात जॉन हाउलँड नावाचा एक तरुण नोकर वर डेकवर आला आणि समुद्रात फेकला गेला. पण शिडाची एक दोरी पाण्यात लोंबत होती. ती त्याने धरली. कित्येक हात पाण्याखाली गेला तरी सोडली नाही. शेवटी आकडी लावून त्याला वर ओढले. हा ज्यांचा नोकर होता ते जॉन कार्व्हर, नव्या वसाहतीचे पहिले गव्हर्नर.

त्याच जहाजावर एलिझाबेथ टिली नावाची तेरा वर्षांची मुलगी होती. तिच्याबरोबर आई, वडील, काका आणि काकू असे वडीलधारे चौघे होते. जहाज किनाऱ्याला लागले ते ऐन थंडीत. घरे नाहीत, अन्न अपुरे, त्यात आजार. पहिल्या काही महिन्यांतच निम्मी माणसे गेली. एलिझाबेथचे चौघेही गेले. परक्या किनाऱ्यावर ती तेरा वर्षांची पोर एकटी उरली. आपल्याकडे अशा मुलीला ‘पांढऱ्या पायाची’ म्हणून हिणवायला कोणी कमी केले नसते. तिच्या वाट्याला काय आले असेल, ते कोणी लिहून ठेवलेले नाही.

पुढे तिचे लग्न त्या दोरी धरणाऱ्या जॉन हाउलँडशी झाले. लग्नाची नोंद नाही. पण १६२७ च्या मे महिन्यातला एक कागद आहे आणि तो मला फार आवडला, कारण तो गायींच्या वाटणीचा आहे. वसाहतीत गुरे थोडी आणि माणसे जास्त. म्हणून तेरा-तेरा माणसांचे बारा गट करून प्रत्येक गटाला गुरे वाटून दिली. कोणत्या गटात कोण, ते सगळे नावानिशी लिहिले, तान्ही मुलेसुद्धा. चौथा गट हाउलँडचा. त्याला ‘रॅगहॉर्न’ नावाची कालवड मिळाली. त्या यादीत जॉन, बायको एलिझाबेथ, मुलगा जॉन आणि मुलगी डिझायर अशी नावे आहेत. म्हणजे तेव्हा लग्न होऊन दोन मुले झालेली होती, हे त्या कालवडीमुळे कळते. दूध किती निघत होते कोण जाणे, तेराजणांत वाटून एकेकाच्या वाट्याला चुळकाभर आले असेल.

त्यांना एकंदर दहा मुले झाली आणि दहाही जगली. त्या काळी ही लहान गोष्ट नव्हे. त्यांचे वंशज आता लाखांनी मोजतात. अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट याच घराण्यातले. अध्यक्ष झालेले बुश पितापुत्रही त्यांतलेच.

आणि एवढ्या मोठ्या गोतावळ्याने आपल्या मूळ आजीला चुकीचा बाप दिला होता! घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या सांगत की, आमची आजी गव्हर्नर कार्व्हरची मुलगी. हे पुस्तकांतही छापले गेले. प्लिमथच्या टेकडीवर जॉन हाउलँडच्या नावाने वंशजांनी दगड बसवला, त्यावरही कार्व्हरचे नाव घातले. कसे घडले असेल? हाउलँड कार्व्हरच्या घरचा माणूस. कार्व्हर १६२१ च्या वसंतात गेले आणि मागोमाग त्यांची बायको गेली. तेव्हा घरच्या नोकराने धन्याच्या मुलीशी लग्न केले असणार, असे कोणाला तरी वाटले असेल. माझे मत विचाराल तर त्यात दुसरेही काही आहे. गव्हर्नरची मुलगी म्हणवून घेणे कोणाला आवडत नाही? टिली या साध्या माणसाला विसरणे सोपे गेले. आपल्याकडेही ‘आम्ही मूळचे अमक्या सरदारांपैकी’ असे सांगणारी घरे काय थोडी आहेत! कागद दाखवा म्हटले की तो नेमका पुरात वाहून गेलेला असतो.

खरी गोष्ट एका पोथीत लिहिलेली होती. कार्व्हरनंतर विल्यम ब्रॅडफर्ड गव्हर्नर झाले. त्यांनी वसाहतीची बखर स्वतःच्या हाताने लिहिली आणि शेवटी जहाजातून कोण कोण आले व तीस वर्षांनी त्यांचे काय झाले, याची यादी जोडली. ही पोथी पुढे बोस्टनच्या एका चर्चमधल्या ग्रंथसंग्रहात होती. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात इंग्रज फौजेने त्या चर्चमध्ये घोडे फिरवण्याची शाळा केली. त्या धामधुमीच्या काळात पोथी नाहीशी झाली. नंतर १८४४ साली इंग्लंडमधल्या एका बिशपने धर्माचा इतिहास लिहिला. त्यात लंडनच्या बिशपांच्या फुलहॅम येथील वाड्यातल्या एका हस्तलिखिताचे उतारे होते. ते वाचून १८५५ साली बोस्टनच्या अभ्यासकांच्या ध्यानात आले की, ही तर आपली हरवलेली पोथी. तिची नक्कल करवून आणली आणि १८५६ साली छापली. मूळ पोथी परत मिळायला १८९७ साल उजाडले. आता ती बोस्टनच्या स्टेट हाउसमध्ये, राज्याच्या ग्रंथालयात आहे.

त्या यादीत स्वच्छ लिहिले होते की, कार्व्हरच्या हाउलँड नावाच्या नोकराने जॉन टिलीच्या मुलीशी लग्न केले, तिचे नाव एलिझाबेथ, आणि दोघेही हयात असून त्यांना दहा मुले आहेत. झाले! दोनशेहून अधिक वर्षांनी पोरीला तिचा बाप परत मिळाला. टेकडीवर आज जो दगड आहे त्यावर ‘जॉन टिलीची मुलगी’ असेच कोरलेले आहे. एका रविवारी आम्ही बाळाला दुपट्यात गुंडाळून तेथे गेलो होतो. खाली समुद्र, वर बोचरा वारा. भाचीने अक्षरे वाचून दाखवली आणि मी त्या दगडावरून हात फिरवला.

बाप मिळाला, पण आई? ब्रॅडफर्डसाहेबांनी भावाच्या बायकोचे नाव लिहिले, ‘एडवर्ड टिली आणि त्याची बायको ॲन’. एलिझाबेथच्या आईपाशी मात्र लेखणी आखडली. ‘जॉन टिली आणि त्याची बायको आणि एलिझाबेथ त्यांची मुलगी’, बस्स. ज्या बाईने आपले हाड त्या किनाऱ्यावर ठेवले, तिला नावही नाही. मी भाचीला म्हटले, “पुरुष लिहितो तेव्हा असेच होते.” आजीबाईंना हे इंग्रजीत सांगितले तेव्हा त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली.

पुढे संशोधकांना हॉलंडातल्या लेडन शहराच्या दप्तरात एक जॉन टिली सापडला. मेफ्लॉवरची पुष्कळ मंडळी आधी लेडनला राहत असत. या टिलीने १६१५ साली ब्रिजेट व्हान डेर व्हेल्डे या बाईशी लग्न केले होते. मग काय, नाव जुळले, गाव जुळले. ब्रिजेट हीच एलिझाबेथची आई, असे पुष्कळ वंशावळींत चढले. पण इथे साध्या वजाबाकीचा प्रश्न होता. एलिझाबेथने १६८६ च्या डिसेंबरात मृत्युपत्र केले आणि त्यात आपले वय ७९ सांगितले. १६८६ मधून ७९ वजा केले की येतात १६०७. आईबापांचे लग्न १६१५ चे आणि मुलगी १६०७ ची? वाण्याच्या हिशेबात एवढा फरक आला तर आपण दुकान डोक्यावर घेतो. इथे मात्र तो खपून गेला.

इंग्लंडमध्ये १५३८ पासून प्रत्येक चर्चने बाप्तिस्मा, लग्न आणि दफन यांची वही ठेवावी असा राजाज्ञेने नियम झाला. बेडफर्डशायर परगण्यातल्या हेन्लो गावच्या अशा नोंदींतून या टिलींचे मूळ सापडले आणि १९७६ साली ते छापून प्रसिद्ध झाले. तेथे जॉन टिली व जोन यांचे लग्न २० सप्टेंबर १५९६ चे आहे. जोन ही माहेरची हर्स्ट. पहिला नवरा रॉजर्स आडनावाचा, त्याच्यामागे तिने हे दुसरे लग्न केले. आणि ३० ऑगस्ट १६०७ या दिवशी एलिझाबेथचा बाप्तिस्मा. समुद्राच्या एका बाजूच्या चर्चची वही आणि दुसऱ्या बाजूच्या म्हातारीने सांगितलेले वय, मध्ये एकोणऐंशी वर्षे, आणि हिशेब बरोबर जुळला! एलिझाबेथच्या थोरल्या भावंडांची नावेही त्या गावच्या नोंदींत आहेत. जोनबाईंनी बावन्नाव्या वर्षी, धाकट्या मुलीला बरोबर घेऊन, त्या जहाजावर पाऊल ठेवले होते. आपल्याला त्या वयात काशीयात्रा जड वाटते.

जुन्या तारखांविषयी एक सांगायला हवे, कारण आजीबाईंच्या कागदात एकाच मृत्यूला दोन साले पाहून मी घोटाळले. जॉन हाउलँड गेला त्याचे साल ‘१६७२/३’ असे लिहिले होते. त्या काळी इंग्रजांचे नवे वर्ष २५ मार्चला लागे. म्हणून फेब्रुवारीतली तारीख त्यांच्या हिशेबी १६७२ ची आणि आपल्या हिशेबी १६७३ ची. आपले शक पाडव्याला बदलते आणि इसवी सन जानेवारीत, तसेच हे. हे ध्यानात न घेतल्यामुळे लोकांनी मुलाला आईबापांच्या लग्नाआधी जन्माला घातले आहे म्हणे.

पण मला सर्वांत जवळचे वाटले ते एलिझाबेथचे मृत्युपत्र. भाचीने ते दोन दुपारी बसून मला मराठीत सांगितले. मी मेथी निवडत होते, ती वाचत होती. नवऱ्याचे मृत्युपत्र १६७२ चे. त्यात घर, जमीन आणि मुलगे. पण सहाही मुलींची नावे सासरच्या आडनावांसकट घातली होती आणि प्रत्येकीला वीस शिलिंग दिले होते. त्यामुळे सहा सासरे कळली. चौदा वर्षांनी एलिझाबेथने मृत्युपत्र केले, तेव्हा त्यात तीनच मुली आहेत. डिझायर, होप आणि रूथ नाहीत. आईच्या देखत तिघी गेल्या होत्या. पण रूथची मुलगी डिझायर कशमन हिला चार मेंढ्या ठेवलेल्या आहेत. मेलेल्या लेकीचा वाटा नातीला दिला. हे वाचताना भाची थांबली आणि उठून पाळण्याकडे गेली.

बाकी त्या मृत्युपत्रात आपल्यासारखाच संसार आहे. चादरींच्या जोड्या, उशांचे अभ्रे, पिसांच्या गाद्या, लोखंडी भांडे आणि ते चुलीवर टांगायचे आकडे, वजनकाटा. मोठा पितळी हंडा धाकट्या मुलाला, आयझॅकला, आणि तो आधीच त्याच्याकडे आहे असेही नमूद केलेले आहे. लहान हंडा, हिरवे पांघरूण, लहान बायबल आणि सगळ्यांत तलम चादरी लिडियाला. आईचे अखेरचे दिवस हिच्याचकडे गेले. सेवा करणाऱ्या लेकीला थोडे जास्त, हे तिकडेही असते तर! पुस्तकेही वाटली आहेत. निरनिराळ्या मुलांना निरनिराळे धर्मग्रंथ. म्हणजे म्हातारीच्या घरात पुस्तके होती आणि ती चादरींइतकीच मोलाची होती. शेवटी तिने मुलांना बजावले आहे की, देवाला भिऊन वागा आणि एकमेकांशी प्रेमाने राहा. पुढच्या वर्षी, १६८७ च्या डिसेंबरात, ती गेली.

यात एक गोष्ट मला टोचत राहिली. ही मंडळी जेथे उतरली ते पॅटक्सेट नावाचे वाम्पानोआग लोकांचे गाव होते. आधीच्या चारपाच वर्षांत साथीने ते ओस पडले होते. शेते तयार होती, माणसे नव्हती. तिथेही आया होत्या, लेकी होत्या, कोणाला कोणाचे भांडे जायचे होते. त्यांच्यासाठी कोणी वही घातली नाही. आजीबाईंना मी हे विचारले तेव्हा त्या फाईल मिटून गप्प बसल्या. मग म्हणाल्या, “तुझे खरे आहे.”

घरी परत आल्यावर मी आमच्या सासऱ्यांच्या हातची वंशावळ काढली. नऊ पिढ्या आहेत. सगळी नावे पुरुषांची. बायको एकीचीही नाही, मुली तर नाहीतच. मग म्हटले, निदान आपल्या आईकडची बाजू आपण लिहू. आईचे नाव आले, आजीचे आले. पण आजीचे ते सासरचे. लग्नात ताटातल्या तांदळांवर लिहिलेले. पाळण्यातले कोणते? आई नाही, मामा नाहीत. विचारायचे कोणाला?

तेव्हा मला हंडा आठवला. आजीला तिच्या माहेरून लग्नात मिळालेला तांब्याचा हंडा आईकडे होता आणि आईने तो मला दिला होता. त्याच्या गळ्याशी ठोक्याठोक्यांनी नाव घातलेले होते. पाणी तापवताना तो मी वर्षानुवर्षे चिंचेने घासला, पण ती अक्षरे कधी नीट वाचली नाहीत. वीस वर्षांपूर्वी नव्या जागेत आलो, तेव्हा जागा नाही म्हणून तो मोडीत घातला. त्याचे स्टीलचे डबे आले. ते अजून फळीवर आहेत.

आईची धाकटी मावसबहीण सोलापूरला आहे. परवा तिला फोन केला. तिला ऐकू कमी येते. तीनदा ओरडून विचारले, आजीचे माहेरचे नाव काय गं मावशी? ती म्हणाली, गाव बार्शीच्या पुढे, घरात दोन विहिरी होत्या, आणि तिला सगळे ‘ताई’च म्हणायचे. नाव तोंडावर आहे, आठवले की कळवते. एवढे मी वहीत तारीख घालून लिहून ठेवले आहे आणि खाली एक ओळ मोकळी सोडली आहे.